आपल्या दारापर्यंत येणाऱ्या सेवा आणि त्यांचा हिशेब
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सव म्हटलं की जुन्या आठवणी आल्याच. त्या सांगणारी माणसं माझ्याआधी बोलून गेली आणि माझ्यानंतरही बोलणार आहेत. मला कमिटीने विषय दिला तो 'पुढची पंचवीस वर्षे'. आता पुढचं भविष्य सांगायला मी काही ज्योतिषी नाही. पण काही वर्षं सोसायटीचे हिशेब बघितल्यामुळे एक सवय लागली आहे. कुठलीही गोष्ट आली, की ती कुठून येते, कोण देतं, किती पुरेल आणि पैसे कोण भरतं, हे चार प्रश्न आपोआप मनात येतात. आज हेच प्रश्न मी आपल्या गावाला लावून पाहणार आहे. जेवणाची वेळ होण्याआधी संपवतो, काळजी नसावी.

आपल्या सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा जतला ग्रामपंचायत होती. नगरपरिषद झाली 2012 साली. म्हणजे वयाने आपली सोसायटी नगरपरिषदेपेक्षा मोठी आहे. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. आपण इथे घरं बांधली तेव्हा गावाचं शहर व्हायचं होतं आणि आपल्या डोळ्यांदेखत ते झालं, हे लक्षात यावं म्हणून सांगतो.

आता सकाळी उठल्यापासून आपल्या घरात काय काय येतं ते मोजा. नळाचं पाणी येतं नगरपरिषदेकडून. ते पाणी येतं बिरनाळ तलावातून. पाऊस दगा देतो तेव्हा तलावाला आधार म्हैसाळच्या पाण्याचा, म्हणजे कृष्णेचा. म्हैसाळ योजना आहे महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाची, आणि ते महामंडळ स्थापन झालं 1996 मध्ये. पाणी उचलायला वीज लागते, ती महावितरणची. जुन्या वीज मंडळाची विभागणी होऊन महावितरण झाली 2005 मध्ये. मोठ्या पाणीयोजनांचे आराखडे करण्याचं काम बहुतेक वेळा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे असतं. समोरून जाणारा विजयपूर–गुहागर रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, तो केंद्राचा. त्याला येऊन मिळणारे काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, काही जिल्हा परिषदेचे, काही नगरपरिषदेचे. एमआयडीसीची तर गोष्टच वेगळी. आपल्या हद्दीतले रस्ते, पाणी आणि बांधकामाची परवानगी हे सगळं एमआयडीसी स्वतःच बघते. म्हणजे गावाला लागून जणू दुसरं छोटं गावच.

प्रत्येक संस्थेची हद्द निराळी, वर्षाचं नियोजन निराळं, साहेब बसतात ती जागाही निराळी. कुणी जतमध्ये, कुणी सांगलीत, कुणी पुण्यात. आपल्याकडे नाव आणि हद्द यांचा मेळ बसतोच असं नाही, हे जतकराला वेगळं सांगायला नको. 'जत रोड' नावाचं रेल्वे स्टेशन मिरज–पंढरपूर मार्गावर आहे, पण तिथे उतरलेल्या पाहुण्याला जत गाठायला पुन्हा गाडी धरावी लागते.

आपल्या हद्दींचा इतिहासही असाच फिरता आहे. डफळ्यांचं जत संस्थान 1948 मध्ये विलीन झालं. मग आपण दक्षिण सातारा जिल्ह्यात आलो. 1960 मध्ये त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. क्षेत्रफळाने जिल्ह्याचा सुमारे चौथा हिस्सा आपला तालुका आहे. एवढ्या मोठ्या पसरलेल्या, दुष्काळी, वाड्या-वस्त्यांच्या मुलखात एका कार्यालयाने सगळ्या सेवा देणं शक्यच नव्हतं.

काही जण म्हणतील, "एवढी कार्यालयं कशाला? सगळं एकाच्या ताब्यात द्या, म्हणजे मिटलं." मला तसं वाटत नाही. कृष्णेचं पाणी म्हैसाळला उचलायचं, टप्प्याटप्प्यानं वर चढवत पंप चालवायचे आणि कालव्यानं आपल्या माळापर्यंत आणायचं, हे एका नगरपरिषदेच्या आवाक्यातलं काम नाही. त्याला खास संस्थाच लागते. विजेचंही तसंच. एका कामासाठी एक संस्था ही पद्धत चुकीची नाही. अडचण वेगळीच आहे. प्रत्येक संस्था आपापल्या कामाचं उत्तर देते. या सगळ्या कामांची बेरीज करून 'इतक्या लोकांना, इतकी वर्षं पुरेल' असं सांगणारा कागद मात्र कुणाच्याच टेबलावर नसतो.

बेरीज न केल्याने काय होतं, ते आपल्या रोजच्या बघण्यातलं आहे. एक खातं रस्ता डांबरी करतं, चार महिन्यांत दुसरं खातं पाइप टाकायला तोच रस्ता उकरतं. दोघांचीही कागदपत्रं चोख असतात. दोघांनीही आपलं काम केलेलं असतं. आदळत जाते ती आपली मोटारसायकल.

आता थोडा हिशेब. सरकारी निकष असा आहे की भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी दररोज 135 लिटर पाणी द्यावं आणि नसलेल्या शहरात 70 लिटर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यासाठी 55 लिटर धरले आहेत. आपण 70 धरू. समजा गावाच्या कडेला शंभर प्लॉटचा एक लेआउट पडला. घरटी पाच माणसं, म्हणजे 500 माणसं. रोजचं पाणी झालं 35 हजार लिटर. 10 हजार लिटरचा टँकर धरला तर रोज साडेतीन टँकर. वर्षाचं पाणी झालं सव्वा कोटी लिटरच्या वर. शिवाय वापरलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडतं, असं इंजिनिअर धरतात. म्हणजे रोज 28 हजार लिटर पाणी कुठेतरी जाणार. गटार नसेल तर शेजारच्या रानात जाणार, नाहीतर ओढ्यात.

हा एका लेआउटचा हिशेब झाला. जतच्या चारी बाजूंना किती लेआउट पडलेत ते तुम्ही रोज बघता. प्लॉटच्या जाहिरातीत 'हायवे टच' असतं, 'बँक लोन उपलब्ध' असतं, गेटवर कमान असते, दोन नारळाची झाडंही असतात. 'पाणी कुठून' हे जाहिरातीत असतं का? बहुधा बोअरचं पाणी असतं. आपल्या भागातली बोअर म्हणजे माघारी फिरणाऱ्या पाहुण्यासारखी. येतानाचा थाट वेगळा असतो, आणि कधी निघून गेली हे कळतही नाही.

यातून काय वेळ येऊ शकते, याचं उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या हातून घडलेलं आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. ते पाणी मिरजेहून भरलं होतं, आपल्याच कृष्णेचं. पहिल्या गाडीत 10 वाघिणी आणि 5 लाख लिटर पाणी होतं. पुढे 50 वाघिणींची गाडी 25 लाख लिटर घेऊन धावली. लातूर काही लहान गाव नाही. महानगरपालिका आहे, शिक्षणाचं मोठं केंद्र आहे. शहर वाढत गेलं, मांजरा धरण मात्र तेवढंच राहिलं. धरण आटल्यावर साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. तेव्हा मिरजेच्या स्टेशनवर भरणाऱ्या त्या गाडीचे फोटो आपण कौतुकाने बघत होतो. त्याच वेळी आपल्याच तालुक्यात टँकरची वाट बघत बसलेल्या बाया होत्या.

जतला तर पाण्याचा प्रश्न थेट सीमेपर्यंत गेलेला आहे. 2012 च्या दुष्काळात पूर्व भागातल्या चाळीसेक गावांनी 'पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो' असे ठराव केले. दहा वर्षांनी, 2022 च्या अखेरीस, तेच ठराव पुढे करून कर्नाटकाने जतच्या गावांवर हक्क सांगितला आणि दोन राज्यांत वाद पेटला. त्यानंतर म्हैसाळच्या पाण्यापासून वंचित राहिलेल्या 65 गावांसाठीच्या विस्तारित म्हैसाळ योजनेला वेग आला. ही गावं काही भाषेच्या भांडणासाठी उठली नव्हती. उमदी, संख भागात घरात कन्नड आणि बाजारात मराठी हे पिढ्यान्‌पिढ्या सुखाने चाललेलं आहे. हंडा रिकामा राहिला म्हणून ती उठली. सेवा पोचली नाही की माणूस 'मी कुणाच्या हद्दीत?' असं विचारायला लागतो. यापेक्षा मोठी किंमत ती काय असणार!

मग करायचं काय? याचं एक उत्तर फार लांबचं आहे, तरी ऐका. अमेरिकेत एकेका कामासाठी हद्द आखून वेगळं मंडळ नेमण्याची पद्धत फार जुनी आहे. पाण्याचं मंडळ, आग विझवण्याचं मंडळ, दफनभूमीचं मंडळ, एवढंच काय, डास मारण्याचंही मंडळ! तिकडच्या 2017 च्या सरकारी मोजणीत अशी 38 हजारांहून जास्त मंडळं निघाली. हद्दी एकमेकींवर चढलेल्या, एका घरावर चार मंडळांचे कर. आपल्याइतकाच गोंधळ. कॅलिफोर्निया राज्याने यासाठी 1963 साली कायदा करून प्रत्येक कौंटीत, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यात, एक आयोग नेमला. 2000 सालच्या कायद्याने त्या आयोगांवर आणखी एक काम टाकलं. या मंडळांच्या सेवांचा ठरावीक काळाने लेखी आढावा घ्यायचा. कुठल्या गावाची हद्द वाढवायची, कुठे नवीन वस्ती होऊ द्यायची, हे ठरवताना तो आढावा समोर ठेवायचा.

त्या आढाव्यातले प्रश्न मला फार आवडले, कारण ते आपल्या वार्षिक सभेतल्या प्रश्नांसारखेच आहेत. लोकसंख्या किती वाढेल? आजची सोय किती जणांना पुरते? चालवायला पैसे आहेत का? शेजारच्या संस्थेबरोबर एखादी सोय वाटून घेता येईल का? कारभार कोण बघतं आणि लोकांना जाब विचारता येतो का? आणि हद्दीला लागून असलेल्या गरीब वस्तीला सेवा मिळते का?

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. 1966 च्या नगररचना कायद्यानुसार नगरपरिषदेनं विकास आराखडा करायचा आणि वीस वर्षांतून एकदा तरी तो सुधारायचा. त्यावर हरकती आणि सूचना द्यायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. 74 व्या घटनादुरुस्तीनं 1993 पासून नगरपालिकांना घटनेत स्थान मिळालं. बाराव्या परिशिष्टात त्यांच्यासाठी 18 विषय लिहिले गेले, त्यात नगररचनाही आहे आणि पाणीपुरवठाही. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यानं अंदाजपत्रक मागायची सोय झाली. कमी आहे ती हे सगळे कागद एकत्र ठेवून बेरीज मारणाऱ्याची. आपण मात्र हरकत घेतो ती आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलं तरच. गावाला पाणी पुरेल का, ही हरकत कोण घेणार?

बाहेरच्या देशाचं सांगितलं, आता आपल्याच जिल्ह्यातलं सांगतो. येरळा नदीवर तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात बळीराजा स्मृती धरणाचं काम हाती घेतलं. पैसा उभा करायला त्यांनी नदीतल्या वाळूच्या विक्रीचा मार्ग काढला. धरण लहान, पण विचार मोठा. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, असं त्यांनी धरलं नाही. सगळ्यांचा समान वाटा धरला, भूमिहीनाचाही. पाणी किती आहे आणि ते कुणाकुणाचं, हा हिशेब त्यांनी आधी मांडला. आपण नेमकं उलटं करतो. वस्ती आधी वाढवतो आणि वाट्याचं भांडण मागाहून काढतो.

पैशांचं बोलल्याशिवाय मला खाली बसवत नाही. म्हैसाळसारख्या उपसा योजनांच्या वीजबिलात सरकारने 81 टक्के आपल्याकडे घेतले आणि 19 टक्के शेतकऱ्यांकडे ठेवले. दुष्काळी मुलखाला हा आधार हवाच होता. पण यातून एक धडा आपल्यासाठीही आहे. डोंगर चढून आलेलं पाणी फुकट नसतं. आपण त्याचे पैसे पाणीपट्टीत भरत नसलो, तर कुणीतरी दुसरीकडे भरतंच असतं. आणि टँकरचं पाणी विकत घेतो तेव्हा आणखी एक प्रश्न विचारायला पाहिजे. टँकर भरतो ती विहीर कुणाच्या गावची? तिथल्या लोकांना पुरतं का? आपली टाकी भरली म्हणून आपला हिशेब पूर्ण होत नाही.

तुम्ही म्हणाल, "हे सगळं मोठ्या साहेबांचं काम, आपण सोसायटीवाले काय करणार?" मित्रांनो, आपली सोसायटी हीसुद्धा अशीच एक छोटी सेवा-संस्था आहे. हद्द ठरलेली आहे, सभासद मोजलेले आहेत, महिन्याची वर्गणी आहे, निवडणूक आहे, ऑडिट आहे. जाब विचारायची सोय तर इतकी आहे की चेअरमनसाहेबांना मंडईत भाजी घेतानाही प्रश्न सुटत नाहीत. आदर्श उपविधीत दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के सांगितला आहे. तो का? आजची टाकी उद्या गळणार हे गृहीत धरून आजच थोडं बाजूला ठेवायचं म्हणून. हीच दूरदृष्टी गावाच्या पातळीवर न्यायची आहे, आणि सुरुवात आपल्या आवारातून करायची आहे.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने मी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली. दरवर्षी वार्षिक सभेत ताळेबंदाबरोबर एक पानाचं 'सेवा पत्रक' मांडावं. नळाचं पाणी किती दिवस आलं, बोअरची पातळी किती खाली गेली, टँकर किती घेतले, वीज किती जळली, कचरा कुठे गेला आणि प्रत्येक गोष्टीला जबाबदार कार्यालय कोणतं, एवढंच लिहायचं. पाच वर्षांची पाच पानं शेजारी ठेवली, की आपण कुठे चाललोय ते शाळेतलं पोरही सांगेल.

दुसरी. आपल्या छपरावरचं पाणी आपण अडवू. हजार चौरस फुटांचं छप्पर आणि वर्षाचा 500 मिलिमीटर पाऊस धरला, काही पाणी वाया जाणार हे गृहीत धरलं, तरी एका छपरावरून साधारण 37 हजार लिटर मिळतात. पाच माणसांच्या घराला 70 लिटरच्या हिशेबाने तीन महिन्यांहून जास्त पुरेल एवढं हे पाणी आहे. ते सगळं साठवता येणार नाही, हे मान्य. पण बोअरच्या पोटात जिरवता तर येईल. यासाठी कुठल्याच कार्यालयाची वाट बघायला नको.

तिसरी आणि महत्त्वाची. गावातल्या सगळ्या सोसायट्यांनी एकत्र येऊन नगरपरिषदेकडे एकच मागणी करावी. नवीन लेआउटला परवानगी देताना पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कुठे जाणार, याचा लेखी हिशेब लोकांसमोर ठेवा. लेआउट करणाऱ्यांना अडवण्यासाठी ही मागणी नाही. तिथे प्लॉट घेणारी आपलीच मुलं आहेत, आपल्याच भगिनींचे जावई आहेत. कर्ज काढून घर बांधल्यावर पाण्यासाठी त्यांनी दारोदार फिरू नये, एवढ्यासाठी ही मागणी आहे. आणि ही मागणी करताना आपल्या कंपाउंडच्या पलीकडे राहणाऱ्या, आपल्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींच्या वस्तीचाही हिशेब त्यात असू द्या. त्यांच्या नळाला पाणी नसेल, तर आपल्या नळाचं पाणीही फार दिवस टिकणार नाही.

मार्गशीर्षात यल्लम्मादेवीची यात्रा भरते. लाखो माणसं येतात. त्या दिवसांत पाणी, वीज, रस्ता, एसटी, दवाखाना, पोलीस असे सगळे एकत्र बसून नियोजन करतात आणि यात्रा पार पडते. म्हणजे बेरीज करणं आपल्या गावाला जमतं. यात्रेसाठी जमतं ते वर्षभरासाठी का जमू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

चेअरमनसाहेब, 'सेवा पत्रक' हा विषय येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी आपल्याला जाहीर विनंती करतो. पहिल्या वर्षीचं पत्रक लिहायला मी वही-पेन घेऊन तयार आहे. बोअरची पातळी मोजायला पुढच्या रांगेतले दोन-तीन स्वयंसेवक द्या, म्हणजे झालं.